इंजिनाच्या गाऱ्हाण्याची मोहीम, मौजे परळ

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

आधी वंदन विघ्नहर्त्यास, ज्याची सुपारी मांडल्यावाचून घरात चूलही नवी पेटत नाही. मग वंदन मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या माउलीस, जिची कहाणी वाचोन आणि दुधाचा नैवेद्य दाखवोन मगच हा बोरू हाती धरिला. आणि मग वंदन त्या ठायीठायीच्या राखणदारांस, जे वेशीवर, विहिरीवर, वडाच्या पारावर, आणि जाणते सांगतात त्याप्रमाणे परळास गिरणीच्या धुराड्यावरही बसोन असतात, आणि ज्यांचे नाव न घेता पुढे गेलेले मनुष्य हमखास ठेचकाळते. बखर लिहावयास कारण ऐसे जे, परळचे कारखान्यातील मंडळींत वारंवार पुसापुशी होवो लागली की विमानाचे इंजिनापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान गुणाजी मेस्त्री यांजकडे कायम कैसा जाहला, मध्ये तो गेला होता म्हणतात ते खरे की काय, आणि गेला होता तर परत कोणी आणिला. सबब जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालिता, लिहिले असे. कोठे पदरचे पडले असेल तर ते मिठापुरते. उपासाला सैंधव चालते.

शके अठराशे एकोणऐंशी, हेमलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास. ते समयी मराठी मुलखावर द्विभाषिकाचा अंमल होता, आणि मुंबईसह मराठी बोलणारांचे एक राज्य व्हावे म्हणोन अवघे गिरणगाव उभे ठाकले होते. लालबागेत पहाटे प्रभातफेरी, नाक्यावर सांजेस सभा, भिंतींवर चुन्याने लिहिलेली हातहातभर अक्षरे, आणि चाळीच्या नळावर भांडण निघाले तरी ते शुद्ध मराठीतच निघावे ऐसा कडेकोट बंदोबस्त. ऐशा धामधुमीत भोईवाड्याचे मागील अंगास नौशेरवान शेट यांचा कारखाना होता, आणि तेथे विमानांची जुनी इंजिने खोलोन, रॉकेलात धुवोन, झिजले ते काढोन, नवे घालोन, पुन्हा उडावयाजोगी करीत असत.

ही इंजिने मागील मोठ्या लढाईतली. सातासमुद्रांपलीकडे ओतलेली, ब्रह्मदेशावरोन तोफा चुकवीत आलेली, आणि लढाई सरल्यावर येथेच राहिलेली. चौदा सिलिंडरांचे एक इंजिन म्हणजे चौदा जावांचे एक घर. एकीचे बिनसले की उरल्या तेरा जणी रुसतात, आणि का रुसल्या हे कोणी सांगत नाही. ऐशा इंजिनास केवळ पाना आणि तेल पुरत नाही, हे त्या कारखान्याचे शास्त्र. म्हणोन आचार बहुत. अमावस्येस जुळणी आरंभू नये. उघडे सिलिंडर ओलांडू नये, आणि चुकोन ओलांडल्यास त्याच पावली उलटे ओलांडोन यावे. जुळणी चालू असता शीळ वाजवू नये. हा आचार लढाईतल्या एका गोऱ्या फोरमनाने घालोन दिला, आणि तो विलायतेस चालता जाहल्यावर लोकांनी त्यास आपल्याकडील भुतांचा आधार देवोन तो पुढे चालविला. शेवटच्या नटास शेवटचा म्हणो नये, ‘आणखी एक’ म्हणावे. खासे शेट पारशी. ते दर सकाळी दारात चुन्याच्या रांगोळीचे मासे उठवीत, आणि त्या माशांवर पाय देईल त्याची गय नसे.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे गाऱ्हाणे. कोकणात कार्यारंभी जाणत्याने उभे राहोन देवास मोठ्याने सर्व हकिकत सांगावी, संकट बाहेर काढ म्हणावे, आणि भोवतालच्यांनी प्रत्येक वाक्यास ‘व्हय म्हाराजा’ म्हणोन होकार भरावा, ऐसी रीत आहे. नवे जुळविलेले इंजिन चाचणीचे खोलीत प्रथम चालवावयाचे, तेव्हा गाऱ्हाणे घालण्याचा मान गुणाजी मेस्त्री यांचा. मेस्त्री मालवण प्रांतीचे, वस्ती लालबाग, जुळणीकामात त्यांचा हात ऐसा की नट आवळिताना डोळे मिटोन घेत आणि कानाने ऐकत. इंजिन परमुलखातले, त्याचा राखणदार कोण, हा नाजूक प्रश्न पूर्वी उद्भवला होता. तो मेस्त्रींनी मोठ्या मुत्सद्देगिरीने मिटविला. ते म्हणत, “बा देवा म्हाराजा, आज जा काय ह्या सातासमुद्रापलीकडला इंजान तुझ्या लेकरांच्या हातात इला हा, तेचो जो कोण राखणदार थंय आसात तेका हयसून हाक मारतंव. तेच्या वाटेर जी काय इडापिडा आसात, ती भायर काड रे म्हाराजा.” आणि अवघी फौज म्हणे, “व्हय म्हाराजा.” मग नारळ फुटे, लिंबू चिरडे, पहिल्या सिलिंडरास कुंकू लागे, आणि इंजिन चाले. कधी न चालले तर नारळ नासका होता ऐसे ठरे.

अवघी फौज म्हणतात त्यातून एक असामी वगळावी. वरळीच्या बीडीडी चाळीचे शामराव, इंजिनास ठिणगी देणारे मॅग्नेटो लावण्याचे कामी वस्ताद. मागील साली दसऱ्याचे सुमारास यांनी घरचा देव्हारा उतरविला आणि बुद्धास शरण गेले. ते दिवसापासोन गाऱ्हाणे सुरू जाहले की शामराव बाहेर जावोन चहा पीत उभे राहत, आणि नारळ फुटल्याचा आवाज ऐकोन आत येत. मेस्त्रींनी त्यांस कधी ओढले नाही, शामरावांनी मेस्त्रींस कधी टोकले नाही. नेम एकाचा असो की दुसऱ्याचा, पाळणारास पाळणारा ओळखतो.

ऐसे सुखाने चालले असता राजमान्य राजेश्री जगदीशपंत कर्णिक, वस्ती माटुंगा, विलायतेस इंजिनांची विद्या संपादोन आले, आणि शेटांनी त्यांस तपासनीस नेमिले. पंत वयाने तरुण, अंगाने सडपातळ, कारखान्यात पांढरा डगला घालोन फिरत आणि त्यावर डाग पडू न देत, ही एकच गोष्ट लोकांस करामत वाटे. पंत पहिल्याच इंजिनाचे गाऱ्हाण्यास हजर राहिले, नारळाची एक कवड उडोन त्यांच्या पायाशी पडली ती त्यांनी उचलोन पाहिली, आणि दुसरे दिवशी हुकूम जाहला. हुकूम ऐसा की, चाचणीचे खोलीत नारळ, लिंबू, कुंकू, अक्षता, उदबत्ती, दोरा, चिंधी यांतील काही येवो नये. इंजिन श्वास घेते तेव्हा हाताएवढे फडकेही ओढोन घेते, आणि विलायतेत ऐशाच एका चिंधीने विमान खाली आणिले, दोन माणसे गेली. सबब आजपासोन गाऱ्हाणे बंद. त्याऐवजी तपासणीच्या बाबी इंग्रजीत लिहिलेला एक फलक भिंतीस लाविला. पंतांनी एकेक बाब मोठ्याने पुकारावी आणि माणसांनी पाहोन होकार द्यावा, मगच इंजिनास हात लावावा.

हुकूम वाजवी होता, हे बखरकारास लपविता येत नाही. परंतु वाजवी हुकुमाने मान जातो तो गेलाच ना.

त्यातच शेटांचे फर्मान सुटले. त्यांनी मेस्त्रींस बोलावोन सांगितले, “गुन्नाजी, आ नवा इंजिन सोमवारपर्यंत चालला तर ठीक. नाय चालला, तर पुढचा बद्धा इंजिन कलकत्ताला जाते. मी काय करू, विमानवाला लोक माझा ऐकते नाय.” म्हणजे इंजिनखाते बंद, आणि माणसे घरी.

आता मेस्त्रींवर जो प्रसंग पडला तो श्रोत्यांनी नीट ध्यानी घ्यावा. इंजिन त्यांच्याच हातचे. ते न चालेल तर कारखान्यातील माणसे देशोधडीस लागतील आणि हात खोटा ठरेल. ते चालेल, तर गाऱ्हाण्यावाचून चालिले ऐसे होईल, आणि मग गाऱ्हाणे घालावयाचे कारण काय उरले. मान कायमचा बुडाला. आपल्याच हाताने आपल्याच तोंडास हरवावयाचे, ऐसा हा पेच. मेस्त्रींनी एक दिवस खाल मान घालोन विचार केला, आणि मग इंजिन ऐसे जुळविले की तैसे पूर्वी जुळले नव्हते. शेवटचा नट आवळिताना ओठांत ‘आणखी एक’ म्हणाले, तेवढेच काय ते बंड.

परंतु मेस्त्रींचे घरात दुसरे बंड शिजत होते. त्यांचे कुटुंब सुभद्राबाई, आणि तिचा बंधू लवू, हाही त्याच कारखान्यात पाइपांचे कामावर. लवू म्हणजे दोन लेकरांचा बाप, अंगाने दांडगा, मनाने भाबडा, आणि मेव्हण्यावर जीव टाकणारा. त्याने विचार केला की भावोजींचे तोंड बांधिले तर राखणदारास कळावे कैसे की इकडे इंजिन चालणार आहे. कोणीतरी निरोप पोचविला पाहिजे. मग त्याने बहिणीकडोन देव्हाऱ्यातला अंगारा मागोन घेतला, तांबड्या फडक्यात त्याची पुडी बांधिली, आणि चाचणीचे दिवशी, मंगळवारी, इंजिनास वारा देणाऱ्या पाइपाचे वळणात, बाहेरोन दिसणार नाही ऐशा ठिकाणी, हळूच ठेवोन दिली. इंजिन श्वास घेईल त्याबरोबर अंगारा थेट पोटात, ऐसा हिशेब. भक्तीत खोट नव्हती; जागा चुकली.

मंगळवारी चाचणीचा मोर्चा लागला. पंत फलकापुढे उभे राहिले आणि इंग्रजीत बाबी पुकारो लागले, आणि माणसांनी एकासुरात “यस्सर” म्हणावे, ऐसे झरझर चालिले. ‘एअर इनटेक क्लिअर’, म्हणजे वाऱ्याची वाट मोकळी की नाही, ऐसे पुसले तेव्हा सर्वांत मोठ्याने “यस्सर” लवूच म्हणाला. मग कळ दाबिली. लाकडाचा मोठा पंखा गरगरला, इंजिन खोकले, दोन-चार सिलिंडरे जागी जाहली, आणि तोच त्या तांबड्या फडक्याने उड्डाण करोन इंजिनाचे नरडे गाठिले. काळा धूर ऐसा निघाला की शेजारचे गिरणीवाले बाहेर येवोन आपलेच धुराडे पाहो लागले. इंजिन गुदमरले आणि थंड पडले. थंड पडताच पुडी गळोन पुन्हा वळणात जावोन निजली. पंतांनी प्लग काढोन पाहिले, मॅग्नेटो शामरावांकरवी उतरवोन पाहिले, पेट्रोलाची चाळण पाहिली. सर्व शाबूत.

लवूस मोठे कोडे पडिले. त्याने रात्री जेवताना बहिणीस म्हटले, “आक्का, आनी वायच अंगारो दी गे.”

“कित्याक रे? पोराक ताप इलो?”

“नाय गे. मोठ्या जिवाक व्हयो. तितको पुरलो नाय.”

सुभद्राबाईने मूठभर दिला. शुक्रवारी वळणात दोन पुड्या जाहल्या, आणि इंजिन पहिल्याहोन अगोदरच गुदमरले.

आता कारखान्यात कुजबुज उठली. गिरणगावात बातमी वाऱ्याने जात नाही, नळावरोन जाते. सांजेपावेतो भोईवाड्यापासोन लालबागेपावेतो कळले की मेस्त्रीने आपला मान राहावा म्हणोन इंजिनाचे काहीतरी केले. ती बातमी पंतांचेही कानी गेली. पंत भला माणूस, परंतु दोन वेळा काळा धूर खाल्लेला. त्यांनी सर्वांदेखत म्हटले, “मेस्त्री, हे इंजिन तुमचंच ऐकतं असं म्हणतात. मग सांगा ना त्याला चालायला.”

मेस्त्री पाना फडक्याने पुसत होते. म्हणाले, “ता माजा ऐकता, साहेबानू. पण माका बोलूक बंदी आसा.”

आणि पाना भिंतीस टांगोन, डोकीवर टोपी ठेवोन, कोणाकडे न पाहता घरी गेले. त्यांनी हत्यार टाकिले ऐसी अफवा उठली. अफवा म्हणावी तर खरीच होती.

त्या सांजेस मेस्त्री पानावर बसले आणि तसेच बसोन राहिले. सुभद्राबाईने वरण वाढिले, तूप वाढिले, आणि वाट पाहिली.

“भात निवता हा,” ती म्हणाली. “जेवा आदी.”

“माका भूक नाय.”

“मान गेलो तो तोंडाचो गेलो. पोटान काय केल्यान तुमचा?”

“लोक म्हणतत मी इंजान मारलंय.”

“लोक काय म्हणतत ता नळार आयकलंय मी. घागर तशीच थंय ठेवन इलंय. पाणी नाय तर नाय.” मग म्हणाली, “तुमी मारलां नाय ना?”

मेस्त्रींनी वर पाहिले. चाळीस वर्षांच्या हातचा गुण बायकोने पुसावा, यापरते शल्य नाही. सुभद्राबाईस ते तत्काळ उमगले, तिने तूप पुन्हा वाढिले, आणि कोपऱ्यात जेवीत बसलेल्या लवूने मात्र हातचा घास पानात परत ठेविला. तो का ठेविला हे त्याचे त्यालाही नीट कळले नव्हते. परंतु त्याने तिसरी पुडी मागितली नाही.

शनिवारी शामराव आपले पायांनी पंतांचे खोलीत गेले. इतके दिवस ज्यांनी या मसलतीत पाऊल घातले नव्हते ते आता उतरले, त्याचे कारण कोणी पुढे पुसले तर म्हणाले की गाऱ्हाण्याशी माझे देणेघेणे नाही, पण गुणाजीवर खोटा आळ येतो तो मला चालत नाही. आत जावोन त्यांनी अर्ज केला तो ऐसा:

“साहेब, तुमचा फलक चांगला आहे. पण एक सांगू? तुम्ही विचारता आणि हे यस्सर म्हणतात, ते इंजिन बघून म्हणत नाहीत. तुमचा डगला बघून म्हणतात.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे छपरावर म्हैस आहे का विचारा. यस्सरच म्हणतील.”

पंतांस हे लागले. त्यांनी त्याच पावली सर्वांस चाचणीचे खोलीत उभे केले, फलकापुढे गेले, आणि गंभीर मुद्रेने पुकारिले की ‘बफेलो ऑन द रूफ’. अवघ्या फौजेने छाती पुढे काढोन एकमुखाने “यस्सर” म्हटले. पंतांनी क्षणभर छपराकडे पाहिले. म्हणतात की त्यांस हसू आले ते त्यांनी डगल्याचे बाहीत दाबिले.

मग शामराव म्हणाले, “संध्याकाळी दादरला सभेत तुम्हीही असता, मी पाहिलंय. कारभार आपल्या भाषेत पाहिजे म्हणून तुम्ही ओरडता, मी ओरडतो. आणि सकाळी इथं येऊन आपण इंजिनाला इंग्रजीत विचारतो.”

“मग काय करू? परत नारळ फोडू?”

“नारळ नको. बाबी तुमच्याच ठेवा, एक कमी नको. पुकारू द्या गुणाजीला, त्याच्या बोलीत.”

शहाण्या मनुष्यास आपला हुकूम फिरविणे म्हणजे निर्जळी एकादशी. होते सर्वांच्याने, आवडते कोणासच नाही. शेवटी त्यांनी मान हलविली.

रविवारी लालबागेस तहाची बोलणी जाहली. शामराव स्वतः मेस्त्रींचे घरी गेले, आणि सुभद्राबाईने चहा ठेविला. मेस्त्री प्रथम बधेनात. म्हणाले, “गाऱ्हाणा म्हणजे काय हजेरी हा? पेट्रोल आसा काय, तेल आसा काय, ह्या काय देवाक सांगूक व्हया?”

शामराव म्हणाले, “तुम्ही देवाला काय सांगता, मेस्त्री? खरी हकिकत सांगता ना? मग पेट्रोलाची खरी हकिकत सांगा. उलट बरं, त्याला मोघम ऐकावं लागणार नाही.”

“आनी व्हय कोण म्हणतलो?”

“सगळे.”

“तू?”

शामरावांनी चहाचा घोट घेतला. “मी व्हय म्हणेन. म्हाराजा तुमचा तुमच्याकडे ठेवा.”

मेस्त्री म्हणाले, “अर्धो व्हय खऱ्याचो आसलो तर पुरो धरतंव.” येणेप्रमाणे तह मुक्रर जाहला: क्रम पंतांचा, बोल मेस्त्रींचे, होकार ज्याचा त्याने आपल्या धर्माप्रमाणे द्यावा, आणि खोलीत शब्दावाचून दुसरी वस्तू नेऊ नये.

सोमवार उजाडला. शेट खासे येवोन दाराशी उभे राहिले. पंत फलकापाशी, हाती पेन्सिल. शामराव आत, आपल्या जागी, आणि बाहेर चहाचा पेला वाट पाहत निवत पडला. मेस्त्रींनी इंजिनासमोर उभे राहोन टोपी काढिली, हात जोडिले, आणि आवाज लाविला. तो आवाज इतक्या दिवसांचा कोंडलेला. पत्र्यास जावोन लागला आणि वरची कबुतरे उठोन गेली.

“बा देवा म्हाराजा, टाकीत पेट्रोल भरलेला आसा, काटो वाचलेलो आसा, रे म्हाराजा.”

ज्याचे काम होते त्याने खरेच वाकोन काटा पाहिला. मग सर्व म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मधोमध शामरावांचा एकच कोरा “व्हय”.

“तेल ऊन केलेला आसा, गळती खंय नाय, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ठिणगीची तार जागच्या जाग्यार आसा, रे म्हाराजा.”

शामरावांनी तार हाताने चाचपोन पाहिली. “व्हय.”

पंतांची पेन्सिल थांबली होती. त्यांनी पाहिले की जी माणसे त्यांच्या बाबीस मान न वळविता होकार देत, तीच आता प्रत्येक बोलास खाली वाकतात, हात घालितात, बोट लावोन पाहतात आणि मगच तोंड उघडितात. आणि दाराशी शेट, प्रत्येक ‘म्हाराजा’ आपल्यासच म्हणतात ऐसे समजोन, दर खेपेस मान डोलवीत होते. त्यांचा भ्रम कोणी दूर केला नाही.

मग वाऱ्याची बाब आली.

“वाऱ्याची वाट मोकळी आसा, तिच्यात काडी नाय, चिंधी नाय, कोणाचा काय ठेयलेला नाय, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मंडळी म्हणाली. परंतु मेस्त्री नट आवळितानाही कानाने ऐकणारे. त्या होकारात एक जाडा, नाकातला सूर नव्हता. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, सावकाश. मंडळी पुन्हा व्हय म्हणाली, आणि सूर पुन्हा नव्हता.

लवू पाइपापाशी उभा होता. कपाळास घाम, दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले. रस्त्यावरोन जाणाऱ्या मोर्च्याच्या घोषणा आत स्पष्ट ऐको आल्या.

आणि लवू म्हणाला, “नाय म्हाराजा.”

गाऱ्हाणे जेव्हापासोन घालितात तेव्हापासोन आजतागायत ऐसा जबाब कोणी दिला नव्हता. देवाससुद्धा तो ऐकावयाची सवय नसावी. मेस्त्रींचे जोडलेले हात सुटले.

“काय म्हटलंस?”

“थंय दोन पुडये आसत, भावोजी. माजे. आक्काच्या देवाऱ्याचो अंगारो.”

मेस्त्रींनी पाइपाचे वळणात हात घातला खांद्यापावेतो, आणि दोन तांबड्या पुड्या बाहेर काढिल्या. त्या काजळीने काळ्या पडल्या होत्या. मेस्त्रींचा आवाज अगदी हळू जाहला, आणि त्यांस ओळखणारे सांगतात की तो ओरडण्याहोन वाईट.

“मेल्या, साहेबान दोन खेपे इचारल्यान. तेवा यस्सर कित्याक म्हटलंस?”

“ता साहेबाक म्हटलंय,” लवू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहो लागले. “ह्या देवाक कसा म्हणू?”

आता सर्वांचे डोळे पंतांकडे. त्यांच्या हुकुमाची पायमल्ली जाहली होती, ती पुराव्यानिशी त्यांच्यापुढे काळी होवोन लोंबत होती, आणि लवूस त्याच घटकेस बाहेर घालविण्याचा अखत्यार त्यांस होता. लवूचे दोन लेकरांचे घर, मेस्त्रींचा हात, इंजिनखाते, सर्व एका शब्दावर. पंतांनी दोन्ही पुड्या घेतल्या. त्यांचा पांढरा डगला काजळीने माखला, त्याकडे त्यांनी पाहिले नाही. पुड्या दाराबाहेर नेवोन, शेटांच्या माशांना टाळोन, ओट्यावर ठेविल्या. अंगारा होता, फेकिला नाही. मग परत येवोन फलकापाशी उभे राहिले, आणि एवढेच बोलिले:

“मेस्त्री, तीच बाब पुन्हा घ्या. मग पुढची.”

मेस्त्रींनी घेतली. या खेपेस लवूचा सूर सर्वांच्या वर होता.

मग कळ दाबिली, आणि पंखा फिरला, आणि इंजिनाने एक उचकी दिली, आणि दुसरी दिली, आणि एक जाऊ जागी जाहली, तिने दुसरीस हाक मारिली, दुसरीने तिसरीस, आणि बघता बघता चौदा जणी एका सुरात बोलो लागल्या, आणि पत्रा थरथरला, आणि शेटांची टोपी उडाली, आणि बाहेरचा मोर्चा घोषणा देता देता थबकला की ही कोणाची सभा आपल्याहोन मोठी. धूर काळा नव्हता, निळसर, उदबत्तीसारखा. पंतांनी काटे पाहिले, घड्याळ पाहिले, पुन्हा काटे पाहिले, आणि मेस्त्रींकडे पाहोन मान लवविली. इंजिनाच्या गर्जनेत कोणी काही बोलिले असेल तर ते लिहावयास बखरकारापाशी साधन नाही.

फत्ते जाहली. इंजिन जुहूस रवाना जाहले, कलकत्त्याची बात मिटली. मग पंतांनी हुकूम काढिला तो ऐसा: चाचणीपूर्वी बाबी पुकारण्याचा मान गुणाजी मेस्त्री यांचा, आणि त्यांच्यामागे ते नेमतील त्याचा, बाबी मराठीत अथवा मालवणीत पुकाराव्या, शामराव यांचा ‘व्हय’ पुरा धरावा, नारळ फोडणे तो चाचणीनंतर, फाटकाबाहेर, आणि त्यातली एक कवड तपासनिसास पोचवावी. लवूस शिक्षा ऐसी की पुढील सर्व इंजिनांची वाऱ्याची वाट त्याने हात घालोन तपासावी. आणि सर्वांत मोठे कलम हे की, गाऱ्हाण्यात जो कोणी ‘नाय म्हाराजा’ म्हणेल त्यास कोणी रागे भरू नये, हसू नये, आणि त्याची रोजी तोडू नये.

या कलमाचा अंमल पहिल्याने कोणावर जाहला, ते लिहोन बखर आवरितो. पुढील इंजिन पौषात तयार जाहले. मेस्त्रींनी टोपी काढोन आवाज लाविला, बाबी पार पडत गेल्या, आणि ते म्हणाले, “इंजानार कोणाचा काय इसारलेला नाय, रे म्हाराजा.” मंडळींनी होकार भरिला. तोच मागोन, फलकाचे बाजूने, माटुंग्याचे शुद्ध उच्चारात, अगदी हलका आवाज आला.

“नाय म्हाराजा.”

पंत होते. त्यांचे पेन सिलिंडरांच्या मधल्या खाचेत राहिले होते. कान लाल जाहले होते, परंतु डोळे खाली नव्हते. कोणी हसले नाही. कोणी रागे भरले नाही. मेस्त्रींनी जोडलेले हात तसेच ठेवोन फर्माविले, “काडून घेवा, साहेबानू. आमी थांबतंव.” आणि अवघी फौज, शामरावांसकट, साहेब पेन काढीपावेतो हात जोडोन उभी राहिली. येणेप्रमाणे मान कायम जाहला तो जाहला. दसकत खरे, पुढील सालच्या मार्गशीर्षाचे उद्यापन जाहल्यावर, मुक्काम परळ.